क्रेडिटचं कर्म

मी सिव्हिल इंजिनिअरिंग शिकवते, राहते नागपूरच्या मनीषनगरात. पहिल्या वर्षाची मुलं दर वर्षी विचारतात, “मॅडम, हा व्हॅल्यूजचा विषय क्रेडिटपुरताच ना?” प्रश्न उद्धट वाटतो, पण आहे अगदी मुळाचा. सक्तीनं केलेलं चांगलं काम चांगलं उरतं का?

तंत्रशिक्षण परिषदेच्या, म्हणजे एआयसीटीईच्या, २०१८च्या आदर्श अभ्यासक्रमात ‘युनिव्हर्सल ह्यूमन व्हॅल्यूज’ आलं. हेतू चांगलाच होता. पण वर्गात पीपीटीवर करुणा शिकवायची आणि पेपरात तिची व्याख्या विचारायची, हे मला पटत नाही. आयआयटी मुंबईचं ‘सितारा’ केंद्र १९८५पासून तंत्रज्ञान खेड्यांच्या गरजांशी जोडतं आहे. ती वाट मला जवळची वाटते.

सक्तीच्या या प्रश्नावर मला विनोबा आठवतात. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर प्रवचनं दिली, साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. बाहेरून करायचं ते कर्म आणि त्यात मन ओतणं म्हणजे विकर्म, असं ते मांडतात. पिंडीवर पाण्याची धार धरली आणि आत काहीच वाहत नसेल, तर समोरचाही दगड आणि आपणही दगड. पण म्हणून धार धरूच नका, असं ते सांगत नाहीत.

मागच्या हिवाळ्यात याच विषयासाठी मुलांना घेऊन इथल्याच रेल्वेखालच्या भुयारी मार्गावर गेले. काम वाहनं मोजायचं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या कोष्टकात रस्त्यावरचा भार म्हणून मोटारीला एक धरतात आणि हातगाडीला दोन ते तीन, कारण ती संथ चालते, वाट अडवते. मुलं त्याप्रमाणे खुणा करत होती. एवढ्यात कांदे-बटाट्याचा एक ठेला चढावर अर्ध्यात थांबला. ठेलेवाल्यानं दांडीला सुतळीनं बांधलेली वीट सोडली, चाकाखाली सरकवली आणि दम घेतला. ती वीट खास या चढासाठीच तो बाळगत होता. एका मुलीनं विचारलं, “काका, रोज?” तो म्हणाला, “उतरतानी ठेला मले वढते, चढतानी मी त्याले वढतो. पावसात तं इकडून येतच नाही.”

तिनं वही मिटली आणि मागून ठेला लोटला. वर पोचल्यावर मला म्हणाली, “मॅडम, यानं किती रस्ता अडवला ते कोष्टकात आहे. याला किती ओढावं लागलं, ते कुठं लिहू?”

ती तिथं क्रेडिटसाठीच आली होती, हे मी विसरत नाही. सक्ती नसती तर त्या चढावर ती कधी पायी उतरलीच नसती. म्हणून सक्तीला माझा विरोध नाही. कर्म आधी हातून घडावं लागतं, मन बरेचदा मागून येतं. ते येईल की नाही, याची हमी कोणताच अभ्यासक्रम देऊ शकत नाही. अभ्यासक्रमानं त्याला वेळ तरी द्यावा. एका दुपारी पाहणी आणि दुसऱ्या दिवशी अहवाल, एवढ्या घाईत तो मिळत नाही.

अभ्यास मंडळांवर बसणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना माझं एवढंच मागणं आहे: या विषयाची लेखी परीक्षा काढून टाका, आणि मुलांना पाहणीवरून केलेला आपला आराखडा घेऊन त्याच माणसाकडे दुसऱ्यांदा पाठवा.