दोन तासांची नोकरी

डेराबस्सीच्या एका कारखान्यातून २०२१ साली कमी केलेला कामगार आमच्याकडे अर्ज लिहून घेण्यास आला. कर्मचारी राज्य विम्याच्या अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत सरासरी रोजाच्या निम्मी रक्कम मिळे. फार तर ९० दिवस, तीही आयुष्यात एकदाच. ‘सध्या बेकार आहे’ या मजकुरापाशी तो थबकला. नोकरी शोधता शोधता सायंकाळी दोन तास तो एका दुकानाची वही लिहीत असे. “बाबूजी, हे खोटे तर होणार नाही?”

अर्जांना पुरता बेकार समजतो, पुरता नोकरदार समजतो. मधला माणूस कोणत्या रकान्यात बसवावा? जन्मभर असे रकाने आखणाऱ्या आमच्या ओठांवर “लिहू नकोस” हेच शब्द आले होते. त्याने मात्र समासात ‘रोज दोन तास’ असे लिहविले, आणि मग सही केली.