शेवटावर अधिकार कोणाचा?

कथेचा शेवट मनाविरुद्ध झाला म्हणून प्रेक्षकाने रागवावे का, हा प्रश्न वरवर करमणुकीपुरता वाटतो. परंतु त्याच्या मुळाशी धर्मचिंतनातील एक फार जुना प्रश्न आहे. कर्माला साजेसे फळ मिळालेच पाहिजे, असा आग्रह धरण्याचा माणसाला कितपत अधिकार आहे, हा तो प्रश्न होय. मे २०१९ मध्ये ‘गेम ऑफ थ्रोन्स’ या अद्भुतरम्य मालिकेचा आठवा आणि अखेरचा हंगाम संपला, तेव्हा तो जगभरातील प्रेक्षकांनी आपापल्या भाषेत विचारला. गुलामांना मुक्त करणारी राणी डिनेरिस शरण आलेली राजधानी ड्रॅगनच्या आगीत जाळते, तिच्यावर प्रेम करणारा जॉन स्नो तिचा वध करतो आणि राजपद ब्रॅन स्टार्ककडे जाते, हा शेवट अनेकांना इतका असह्य झाला की संपूर्ण हंगाम नव्याने लिहून पुन्हा चित्रित करावा, अशी मागणी करणाऱ्या निवेदनावर दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. उलट, राणीच्या क्रौर्याच्या खुणा आरंभापासूनच कथेत होत्या, असे सांगून त्या शेवटाची पाठराखण करणारेही पुष्कळ होते.

भारतीय प्रेक्षकाला असा वाद नवा नाही. रामानंद सागर यांची ‘रामायण’ मालिका जुलै १९८८ मध्ये श्रीरामाच्या राज्याभिषेकावर संपली, तेव्हा उत्तरकांडाचा भागही दाखवावा या मागणीसाठी जालंधर येथील सफाई कामगारांनी संप केला, त्याचे लोण इतर शहरांतही पोहोचले आणि पुढे सीतात्याग व लव-कुश यांची कथा सांगणारी मालिका दूरदर्शनवर आली. त्या कामगारांपैकी अनेकांसाठी वाल्मीकी हे आराध्य होते, आणि ज्या कांडात सीतेला त्यांच्या आश्रमात आसरा मिळतो तेच कांड वगळले गेल्यामुळे, आपले दैवतच कथेबाहेर राहिले, अशी त्यांची भावना झाली होती. कथेच्या शेवटाशी श्रोत्याचे काही देणेघेणे नसते, हे मत या उदाहरणासमोर टिकत नाही. तो संबंध आहेच. प्रश्न फक्त त्याच्या मर्यादेचा आहे.

ही मर्यादा ठरवण्यास नाट्यशास्त्राची मदत होते. भरतमुनींनी कथानकाचे पाच संधी, म्हणजे एकमेकांत गुंतलेले पाच टप्पे मानले असून त्यांपैकी शेवटच्या टप्प्याला निर्वहण असे नाव आहे. आरंभी पेरलेले बीज, म्हणजे ज्यातून सगळी कथा उगवते तो हेतू, मधल्या टप्प्यांतून वाढत जाते आणि विखुरलेले सारे धागे निर्वहणात एकत्र येऊन फलागम, म्हणजे फळाची प्राप्ती होते, अशी ही मांडणी आहे. या मांडणीनुसार शेवटाची कसोटी त्याच्या गोडव्यावर लागत नाही, ती बीजाशी असलेल्या त्याच्या नात्यावर लागते. आणि म्हणूनच मनासारखे फळ हाती पडूनही ते बीजातून आलेले नसेल, तर तो शेवट फसलेलाच म्हणावा लागतो.

अभिनवगुप्तांनी या विचारात प्रेक्षकाच्या मनाचा हिशेब घातला. रसास्वादाच्या आड येणारी सात विघ्ने त्यांनी सांगितली असून त्यांपैकी दोन येथे विशेष महत्त्वाची आहेत. पहिले विघ्न संभावनाविरह, म्हणजे समोर घडणारी गोष्ट घडू शकेल असे न वाटणे; हा दोष कलाकृतीकडे जातो. दुसरे विघ्न निजसुखादिविवशीभाव, म्हणजे स्वतःच्या सुखदुःखाने मन इतके व्यापले जाणे की त्यात कथेला जागाच उरत नाही. हा दोष प्रेक्षकाकडे जातो. एप्रिल २०११ पासून आठ वर्षे एखाद्या पात्राबरोबर घालवलेल्या प्रेक्षकाच्या मनात त्या पात्राविषयी स्वतःची अशी आकांक्षा तयार होणारच, कारण भागांची वाट पाहायला लावणे हाच मालिकेचा धर्म आहे. त्यामुळे २०१९ च्या नाराजीत दोन्ही विघ्ने मिसळली होती. डिनेरिसचे परिवर्तन मोजक्या भागांत उरकले गेले, ही तक्रार पहिल्या विघ्नाची आहे आणि तिला वजन आहे. ती सिंहासनावर बसायलाच हवी होती, ही तक्रार दुसऱ्या विघ्नाची आहे आणि तिच्यावरून कलाकृतीला दोष देता येत नाही.

अप्रिय शेवटाचे सर्वांत धीट उदाहरण महाभारतात आहे. स्वर्गारोहणपर्वात युधिष्ठिर स्वर्गात पोहोचतो तेव्हा त्याला पहिल्याने दिसतो तो तेजाने झळकत आसनावर बसलेला दुर्योधन. युधिष्ठिर संतापून तोंड फिरवतो आणि आपल्या भावांकडे नेण्यास सांगतो. देवदूत त्याला अंधाऱ्या, दुर्गंधीने भरलेल्या वाटेने नेतो; ती दुर्गंधी सहन न होऊन तो मागे फिरतो, इतक्यात अंधारातून केविलवाणे आवाज येतात की थोडा वेळ थांब, तुझ्या येण्याने गार वारा आला आणि आमच्या यातना कमी झाल्या. तुम्ही कोण, असे विचारताच कर्ण, भीम, अर्जुन, द्रौपदी अशी एकेक ओळख पटत जाते, आणि धर्माचा पुत्र असलेला युधिष्ठिर देवांची व धर्माचीच निर्भर्त्सना करून त्या नरकात राहण्याचा निर्णय घेतो. त्यानंतर ते दृश्य मायेचे होते, हे उघड होते. अन्यायकारक शेवटाविरुद्धचा हा संताप व्यासांनी ग्रंथाबाहेर ढकलला नाही, त्याला कथेच्या गाभ्यात जागा दिली, आणि तो संताप स्वार्थाचा नसून आप्तांच्या दुःखात सहभागी होण्याचा असल्यामुळे त्याला अधर्म ठरवले नाही. नवव्या शतकात आनंदवर्धनांनी ‘ध्वन्यालोका’त महाभारताच्या या उदास समाप्तीचा अर्थ लावताना म्हटले की वृष्णी आणि पांडव यांचा शोकान्त वैराग्य उत्पन्न करण्यासाठीच योजला असून शांत हाच त्या ग्रंथाचा प्रधान रस होय. फळ कडू असूनही ते बीजाचेच फळ आहे, हे त्यांच्या विवेचनाचे सार म्हणता येईल.

अंबाजोगाईची देवी योगेश्वरी हिची लोककथा याच विचाराला उपासनेच्या पातळीवर नेते. देवीचा विवाह तेथून सुमारे २५ किलोमीटरवरील परळीच्या वैजनाथाशी ठरला होता, परंतु मुहूर्ताची घटका टळली, वऱ्हाड जागच्या जागी दगडाचे झाले आणि देवी कुमारिका राहून जयंती नदीकाठीच स्थिरावली, असे ही कथा सांगते. गावाजवळच्या हत्तीखाना नावाच्या शैव लेण्यात, उघड्या चौकात कोरलेले अजस्र दगडी हत्ती त्या थिजलेल्या वऱ्हाडाची खूण म्हणून दाखवले जातात. सामान्य अपेक्षेच्या मापाने पाहिले तर हा शेवट मोडलेला आहे, कारण ज्या लग्नासाठी कथा चालू झाली ते लग्नच लागत नाही. तरीही तो शेवट बदलून देवीचे लग्न लावून देण्याची गरज भक्तपरंपरेला वाटली नाही. कोकणातील अनेक चित्पावन घराण्यांची ती कुलस्वामिनी आहे, आणि घरात कार्य पार पडले की नवविवाहित जोडप्याने कुलदेवतेच्या दर्शनाला जावे, या रीतीप्रमाणे, स्वतःचा मुहूर्त टळलेल्या या देवीपुढे दुसऱ्यांचे संसार सुरू होतात. मुहूर्ताची अट कथेत आधीच घातलेली असल्यामुळे शेवट बीजाला धरून आहे. आणि कथेत अपुरे राहिलेले फळ उपासनेत पूर्ण होते, कारण एका घराची वधू न झालेली देवी असंख्य घरांची माता होते.

या सर्व विवेचनावर अद्वैताच्या बाजूने एक आक्षेप संभवतो. ‘विवेकसिंधू’चे कर्ते मुकुंदराज यांची समाधी अंबाजोगाईतच आहे, आणि त्यांच्या परंपरेप्रमाणे जर जगच मिथ्या, म्हणजे स्वतंत्र सत्ता नसलेले आहे, तर पडद्यावरील राज्याच्या वारसाबद्दल शोक करणे हे दुहेरी अज्ञान ठरेल. परंतु अद्वैत व्यवहाराचे नियम मोडीत काढत नाही. ज्ञान होईपर्यंत व्यावहारिक सत्तेत, म्हणजे रोजच्या अनुभवाच्या पातळीवर, कारणाप्रमाणेच कार्य घडते आणि कर्त्यालाच कर्मफळ भोगावे लागते, हे अद्वैतालाही मान्य आहे. त्याच न्यायाने कल्पित जगालाही त्याच्यापुरते नियम असतात, आणि ते नियम मोडले असता हरकत घेणे हे आसक्तीचे लक्षण मानता येत नाही.

उरतो प्रश्न हरकतीच्या रूपाचा. विदर्भातील पद्मपूरचा भवभूती याला रामायणाचा शेवट मान्य झाला नाही, तेव्हा त्याने ‘उत्तररामचरित’ लिहिले. त्याच्या सातव्या अंकात वाल्मीकींचे नाटक स्वतः राम प्रेक्षक म्हणून पाहतो, सीतेचे दुःख पाहून मूर्च्छित होतो आणि अखेर तिला परत मिळवतो. मूळ काव्य मागे घ्यावे, असे भवभूतीने म्हटले नाही. नव्या शेवटाची जबाबदारी त्याने स्वतःच्या शिरावर घेतली, आणि त्यासाठी साऱ्या नाटकभर करुण रसाची तयारी केली.

प्रेक्षकाचा अधिकार यावरून ठरवता येतो. आरंभी दिलेला शब्द शेवटपर्यंत पाळला जावा, हे मागण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे, आणि तो नाकारणारा कलावंत श्रोत्याच्या श्रद्धेचा अपमान करतो. आपल्याला हवे तेच फळ मिळावे, हा अधिकार मात्र त्याला नाही, जसा तो कर्म करणाऱ्या कोणत्याही माणसाला नाही. रागावलेल्या प्रेक्षकाने या दोहोंपैकी आपण काय मागत आहोत, हे स्वतःला प्रामाणिकपणे विचारले, तर त्याचा राग हाच त्याच्या विवेकाचा आरंभ ठरेल. कारण कथेच्या बाबतीत जो हा भेद करू शकतो, त्याला स्वतःच्या आयुष्यातील अन्याय आणि अपेक्षाभंग यांतही भेद करता येऊ लागतो, आणि पहिल्याशी झुंजण्याचे व दुसऱ्याला स्वीकारण्याचे बळ त्यातूनच येते.