परक्याच्या गोधडीवरील टाका

दुसऱ्याची वस्तू हाती घेऊन तिच्यावर काम करणाऱ्या मनुष्याचे कर्तव्य कोठे संपते, हा प्रश्न दिसावयास लहान आहे. परंतु वैद्यापासून शिंप्यापर्यंत कोणासही तो चुकत नाही. सांगितले तेवढे केले आणि मजुरी घेतली म्हणजे झाले, असे पुष्कळांस वाटते. आम्हांसही तसेच वाटत असे. पण नागपुरातील एका साध्या प्रसंगाने या समजुतीस धक्का बसला.

महाल भागात आमच्या परिचयाच्या एक वयस्क बाई शिलाईयंत्रावर गोधड्या शिवून देतात. त्यांच्याकडे एक गृहिणी आपल्या आजीच्या हातचे जोडकाम घेऊन आली. आजीने जुन्या कापडांचे चौकोन हातांनी एकमेकांस जोडून ठेविले होते. अस्तर लावून टाके घालण्यापूर्वीच तिचे आयुष्य संपले. त्यात नागपुरी लुगड्यांचे काठ होते, खणांचे व चिटांचे तुकडे होते, आजोबा एम्प्रेस मिलमध्ये कामास असताना घरी आलेला मांजरपाट होता, आणि मध्यभागी आजीच्या पहिल्या संक्रांतीच्या काळ्या चंद्रकळेचे चार चौकोन होते. भाचीचे लग्न तीन आठवड्यांवर आले होते. “मावशी, यंत्रावर भरभर टाके घालून द्या,” एवढेच गृहिणीचे मागणे होते.

बाईंनी चंद्रकळेचा एक कोपरा बोटांच्या चिमटीत हलकेच ताणून पाहिला, तो तेथील धागे तुटून भुकटी झाली. हिरडा आणि लोखंड यांच्या योगाने चढविलेला जुन्या पद्धतीचा काळा रंग सुती धाग्यास कालांतराने आतून खातो. शेजारचे तांबडे व पांढरे कापड धड असताना काळेच तेवढे विरते, हे जुनी वस्त्रे हाताळणाऱ्यांच्या नेहमीच्या अनुभवाचे आहे. येथेही तसेच झाले असावे. घरात जे कापड सर्वांत प्रिय, तेच सर्वांत दुबळे निघाले.

आता हाताचा टाका आणि यंत्राचा टाका यांतील भेद ध्यानात घेतला पाहिजे. गोधडीचा धावदोरा एकाच दोऱ्याचा असतो. सुई हातात असल्यामुळे कापड कोठे विरले आहे हे बोटांस कळते, आणि बोटे आपोआप थबकतात. यंत्रात वरचा दोरा आणि खालच्या बॉबिनवरचा दोरा कापडाच्या पोटात एकमेकांस अडकतात. सुई मिनिटास शेकडो वेळा पडते आणि धड कापडात व विरलेल्या कापडात काही अंतर करीत नाही. टाका उसविता येतो; पण जीर्ण कापडास पडलेले भोक बुजत नाही. यात यंत्राचा दोष नाही. असंख्य स्त्रियांस त्याने स्वतःच्या कमाईची भाकरी दिली आहे. मात्र जो संकोच यंत्रास नसतो, तो चालविणाऱ्याने स्वतःपाशी ठेविला पाहिजे.

बाईंनी काहीही न बोलता काम केले असते, तर लग्नापर्यंत गोधडी उत्तम दिसली असती. दोन धुण्यांत चंद्रकळा फाटली असती, आणि ‘कापडच जुने होते’ असे म्हणावयास त्या मोकळ्या होत्या. ते खोटेही ठरले नसते. अशा वेळी खरे पण अपुरे बोलण्याचा मोह मोठा असतो.

विनयपिटकात अशी कथा आहे की, मगधातील बांधांनी आखलेली शेते पाहून बुद्धांनी भिक्षूंची चीवरे त्याच धर्तीवर करावयास सुचविले आणि आनंदाने ती तुकडे जोडून सिद्ध केली. कापलेल्या वस्त्राचा चोरांस लोभ नसतो, हाही त्यात हेतू होता. तुकड्यांच्या वस्त्रास बाजारात किंमत नसते, हे गोधडीसही लागू आहे. पण त्यातूनच कारागिराची जबाबदारी वाढते. नवे कापड बिघडले तर भरून देता येते. या कापडाचे मोल कोणत्या दुकानी भरून द्यावयाचे? १८७७ साली सुरू झालेली एम्प्रेस मिलसुद्धा २००२ साली कायमची बंद झाली. जेथे नुकसानीची भरपाई अशक्य, तेथे सारे कर्तव्य सुई पडण्यापूर्वीच उरकावे लागते.

यावर कोणी म्हणेल, मग असल्या कापडास हातच लावू नये. हेही आम्हांस पटत नाही. जुन्यास पुन्हा उपयोगात आणणे हाच गोधडीचा जन्महेतू होय. पेटीत ठेविलेले वस्त्रही घडीवर चिरतेच. शिवाय त्याची ऊब कोणासच मिळत नाही.

बाईंनी गृहिणीस बोलावून भुकटी झालेला कोपरा दाखविला. चांगल्या चौकोनांच्या जोडांवरून यंत्राने लांब टाके घालावे. चंद्रकळेवर पातळ जाळी अंथरून ती हाताने कडेकडेने टाचावी, असा मार्ग सुचविला. “जाळी दिसेल की हो,” म्हणून गृहिणी खट्टू झाली. “दिसेल,” बाई म्हणाल्या. दोन दिवसांनी तिचा होकार आला.

ती ऐकती ना, तर? असे आम्ही विचारले. “काम परत दिले असते,” बाईंचे उत्तर. आमचे मत येथे किंचित निराळे आहे. परिणाम नीट समजल्यावर आपल्या आजीच्या कापडाचे काय करावे, हे ठरविण्याचा अधिकार नातीचाच. तिच्या इच्छेप्रमाणे कोणी शिवून दिले असते, तर त्यास आम्ही दोष दिला नसता. परंतु बाईंसही आपला हात आवरण्याचा अधिकार होताच. दोघींचेही अधिकार खरे ठरले, ते तो कोपरा आधी दाखविला गेला म्हणून.

लग्नानंतर ती गोधडी भाचीबरोबर सासरी गेली. जाळीखालची चंद्रकळा थोडी धुरकट दिसते.