यादीत कोणती पुस्तके?

‘वाचलीच पाहिजेत’ अशा पुस्तकांची यादी करायला आपण बसलो की वाद पेटतो. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचा ‘योगसंग्राम’ आपला कसा, असे एक जण विचारतो. हमीद दलवाईंची ‘इंधन’ ही १९६५ची कादंबरी नकोच, असे दुसरा म्हणतो. दलवाईंनी १९७०मध्ये मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापले. त्यांची मते आपल्यातल्या अनेकांना पटली नाहीत. न पटण्याचा हक्क आहेच, पण तो वाचल्यानंतरचा. ‘इंधन’मधल्या कोकणातल्या गावचे मुसलमान आपलेच आहेत. मराठी साहित्याच्या याद्यांत आपल्याला जागा मिळत नाही, अशी आपली तक्रार असते. मग आपल्याच लेखकाला न वाचता वगळणे हा कोणता इन्साफ? ज्या पुस्तकाला उत्तर द्यावेसे वाटते, ते तर यादीत आधी हवे.