पाण्याच्या गाडीवर

अमेरिकेंतील लोकांच्या बोलण्यांत 'ऑन द वॅगन' असा एक वाक्प्रचार आहे. अमका गृहस्थ गाडीवर आहे, असें म्हटलें म्हणजे तो प्रवासास निघाला असा अर्थ नाहीं; त्यानें दारू सोडली आहे, असा आहे. तो गाडीवरून पडला, म्हणजे त्यानें पुन्हां प्याला तोंडास लाविला. ही गाडी कोणती, आणि तिजवरून पडणाऱ्यास काय म्हणावें, याचा थोडा विचार करूं.

गाडी पाण्याची. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथील शहरांचे रस्ते उन्हाळ्यांत धुळीनें भरून जात. धूळ बसावी म्हणून घोड्यांच्या गाडीवर पाण्याची टाकी बसवून रस्त्यांवर शिंपण करीत. त्याच काळीं मद्यनिषेधाची चळवळ जोरांत होती, व पुष्कळ लोक दारू सोडण्याची शपथ घेत. असा मनुष्य विनोदानें म्हणे कीं, मी आतां पाण्याच्या गाडीवर आहें. अर्थात् कितीही तहान लागली तरी पाणीच पिईन. आलिस हेगन राईस या बाईंच्या 1901 सालच्या कादंबरींत व्हिस्की नाकारणाऱ्याच्या तोंडीं हेंच उत्तर आहे. पुढें 'पाण्याची' हा शब्द गळाला व नुसती गाडी राहिली. लंडनांत फांशीस नेलेल्या कैद्यांच्या गाडीवरून हा प्रयोग निघाला, असेंही कोणी सांगतात. गोष्ट सुरस आहे, पण तिला आधार नाहीं.

आतां मुख्य प्रश्न. शपथ घेऊन जो मोडतो, तो खोटा काय? आम्हांस वाटतें, पाळण्याचा हेतु नसतां ज्यानें शपथ घेतली तो खोटा. जो मनापासून चढला आणि खाचखळग्यांत पडला तो दुर्बळ. दोघांस एकच नांव देणें हा न्याय नव्हे. 'पडला' म्हणतांना तो चढला होता हें आपण कबूल करितोंच. त्या दिवसांची मजुरी घरीं पोंचली, मुलें पोटभर जेवलीं. हें कांहीं पडल्यानें पुसलें जात नाहीं.

कोणी म्हणेल, अशानें लोक बेफिकीर होतील. त्यास उत्तर हें कीं, जो गाडीच्या कडेवर पाय सोडून बसतो आणि रोज गुत्त्यावरूनच घरीं जातो, त्यानें रस्त्यास दोष देऊं नये. सावधगिरी पडण्यापूर्वींची, दया पडल्यानंतरची. एकीनें दुसरीची जागा घेऊं नये.

अमेरिकेनें 1920 पासून 1933 पर्यंत कायद्यानें दारूबंदी करून पाहिली. कायदा आला आणि गेला; वाक्प्रचार त्याच्या आधींचा, तो मागेंही उरला. गुत्ता सरकारास बंद करितां येतो, पण गाडीवर चढावें लागतें ज्याचें त्यानेंच.

तथापि चढणाऱ्यास हात देतां येतो. पेत्र तीनदां नाकारून पडला, तरी त्याला पुन्हां बोलावणें आलेंच. म्हणून बंधूंनो, कोणी पडल्याचें कानीं आलें तर ती वार्ता चावडीवर नेऊं नका. दुसऱ्याच दिवशीं त्याच्या घरीं जा. कारण लाजेमुळें तो आपण होऊन प्रार्थनेस येणार नाहीं.