पुण्याचा परतावा

माझ्या नावावर एकही शेअर नाही. आयुर्विमा महामंडळाची पॉलिसी मात्र आहे, आणि महामंडळाकडे आयटीसीचे सुमारे 15 टक्के समभाग आहेत. मी जितका जास्त जगेन तितका महामंडळाचा फायदा. सिगारेट जितक्या जास्त खपतील तितकाही फायदाच. सार्वजनिक विमा कंपन्यांच्या तंबाखूतल्या गुंतवणुकीविरुद्ध 2017 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली होती. अशा मागणीवरचा आक्षेप ठरलेला असतो : पॉलिसीधारकाला चांगला परतावा देणं हे विमा कंपनीचं कर्तव्य आहे. हा पॉलिसीधारक म्हणजे मी. माझं नाव पुढे करून हे चालतं, म्हणून त्या युक्तिवादात मला रस आहे.

या आक्षेपाला हल्ली एक सोयीचं उत्तर मिळतं. शाश्वत गुंतवणूक विकणारे सांगतात, पर्यावरण आणि समाज सांभाळणाऱ्या कंपन्यांत पैसे घाला, परतावाही जास्तच मिळेल. मला आक्षेपापेक्षा या उत्तराची जास्त भीती वाटते.

समजा, पुष्कळ लोकांनी तंबाखूचे शेअर नाकारले. मागणी घटली की भाव उतरतो. कंपनीची कमाई तेवढीच, शेअर मात्र स्वस्त. म्हणजे न लाजता तो घेणाऱ्याला रुपयामागे जास्त मिळणार. हॅरिसन हाँग आणि मार्चिन कात्सपेर्चिक यांनी 2009 मध्ये अमेरिकी बाजारात हेच दाखवलं. पेन्शन फंडांसारख्या चारचौघांत तोंड दाखवावं लागणाऱ्या संस्था दारू, तंबाखू, जुगार यांचे शेअर कमी घेतात, आणि त्या शेअरांचा परतावा इतरांहून जास्त भरतो. कंपनीला भांडवल महाग पडणं हा बहिष्काराचा चिमटा. पण त्याच आकड्याला पलीकडच्या बाजूने परतावा म्हणतात. बहिष्कारही करायचा आणि वर जास्त कमवायचं, ही एकादशी आणि दुप्पट खाशी झाली. लोकांची आवड बदलत असते त्या काळात स्वच्छ कंपन्यांचे भाव चढतात हे खरं, पण चढण संपली की महाग घेतलेला शेअर हाती राहतो.

डेव्हिड ब्लिट्झ आणि फ्रँक फबोझी यांनी 2017 मध्ये यावर शंका काढली. फामा आणि फ्रेंच यांच्या 2015 च्या पाच घटकांच्या प्रारूपात नफाक्षमता आणि हात राखून केलेला भांडवली विस्तार हे दोन घटक आहेत. ते धरले की पापाचा म्हणून वेगळा परतावा उरत नाही, असं त्यांचं म्हणणं. गणित बरोबर असेल. पण तंबाखूचा धंदा इतका नफ्यात कशामुळे असतो? गिऱ्हाईक सोडून जाऊ शकत नाही म्हणून. व्यसनाला ‘नफाक्षमता’ म्हटलं की ते शुद्ध होऊन तक्त्यात बसतं.

‘जोखीम’ या शब्दाचंही तसंच. तिथे जोखीम म्हणजे गुंतवणाऱ्याचा पैसा वर-खाली होण्याची. ओढणाऱ्याचं फुप्फुस त्यात नाही. 1998 साली अमेरिकेतल्या 46 राज्यांशी तडजोड करून तंबाखू कंपन्यांनी 200 अब्ज डॉलरहून जास्त रक्कम पंचवीस वर्षांत द्यायचं कबूल केलं, तेव्हा ती फुप्फुसं जोखीम म्हणून हिशोबात आली. माणसं त्याआधीही मरतच होती. शाश्वततेची मानांकनं मला याच जातीची वाटतात. एमएससीआयने आयटीसीला ‘एए’ असं वरचं मानांकन दिलेलं आहे. कंपनीने लावलेली झाडं, अडवलेलं पाणी सगळं खरं आहे, आणि तरी ‘करून करून भागला आणि देवपूजेला लागला’ ही म्हण आठवते. फरक एवढाच, की इथे भागलेलं कुणी नाही.

मग मी कमी बोनस घ्यायला तयार आहे का? आहे. बहिष्कार किंमत मोजूनच करायचा असतो. पण पोटाला चिमटा काढून मुलीच्या शिक्षणासाठी हप्ते भरणाऱ्या पॉलिसीधारकाच्या वतीने हे मी कसं ठरवणार? त्याला विचारावं लागेल. विम्याच्या अर्जात तंबाखूची सवय आहे का, असेल तर दिवसाला किती, असं विचारलेलं असतं. हप्त्याचे पैसे तंबाखूत घातले तर चालतील का, हा रकाना नाही.