घरच्या शाळेचा तराजू

मुलाला शाळेत पाठवावे की घरीच शिकवावे, या विषयावर आपल्या ख्रिस्ती कुटुंबांतून अलीकडे पुष्कळ बोलले जाते. त्या वादात शिरण्याचा या लेखाचा हेतू नाही. ज्या आईबापांनी विचारपूर्वक व प्रार्थनापूर्वक मुलांना घरी शिकवण्याचे ठरविले आहे, त्यांच्यापुढे त्या निर्णयानंतर वर्षाचे बारा महिने एक प्रश्न उभा असतो. मूल पुढे जात आहे की नाही, हे ओळखावे कसे? आणि ओळखणाऱ्याने स्वतःला कोठे उभे करावे? यातील पहिला प्रश्न पद्धतीचा आहे, दुसरा नीतीचा. दुसऱ्याचे उत्तर सापडल्यावाचून पहिल्याचे सापडत नाही. म्हणून, वाचकहो, आपण दुसऱ्यापासूनच आरंभ करू.

शाळेत शिकवणारा एक असतो, परीक्षेचे कागद तपासणारा पुष्कळदा दुसरा असतो आणि निकाल वाचून आनंद किंवा खेद करणारे आईबाप तिसरे. घरच्या शाळेत या तिन्ही खुर्च्यांवर एकच माणूस बसतो. शिवाय तोच आरोपीच्या पिंजऱ्यातही उभा असतो. शेजारी, नातलग, मंडळीतील वडीलधारी माणसे भेटली की विचारतात, "मुलाचे कसे काय चालले आहे?" त्या विचारण्यात माया असते, तशी शंकाही असते. मग संध्याकाळी पाढे म्हणवून घेताना आपला हेतू नकळत बदलतो. मुलाला काय येते हे जाणण्याऐवजी आपला निर्णय चुकला नाही हे सिद्ध करण्यासाठी प्रश्न विचारला जातो. मूल आपल्या बाजूचे साक्षीदार होते. उत्तर आले तर आपली सुटका. न आले तर राग मुलावर.

नीतिसूत्रांच्या विसाव्या अध्यायात दोन प्रकारची वजने बाळगणाऱ्याचा निषेध केला आहे. ते वचन आपण दुकानदाराला लावतो. परंतु पाहुण्यांसमोर मुलाच्या ज्ञानाला एक वजन आणि घरात दार लावल्यावर दुसरे, असे आपल्याही हातून घडू शकते. तेव्हा मूळ प्रश्न असा की, वर्षभर आपण जे मोजतो ते कोणासाठी मोजतो?

रायपुरातील दोन वर्षे

मी ज्या रायपूर शहरात राहतो, तेथे बूढा तालाब या नावाचे जुने तळे आहे. त्याला विवेकानंद सरोवर असेही म्हणतात. त्या नावामागे घरच्या शिक्षणाचीच एक हकीकत आहे. कलकत्त्याचे वकील विश्वनाथ दत्त कामानिमित्त येथे राहत असता १८७७ साली त्यांनी आपले कुटुंब येथे आणवले. थोरला मुलगा नरेंद्र तेव्हा चौदा वर्षांचा होता. पुढे जगाने त्याला स्वामी विवेकानंद म्हणून ओळखले. त्या काळी रायपुरात त्याच्याजोगी शाळा नव्हती, असे चरित्रकार नोंदवतात. म्हणून वडिलांनी त्याला घरीच शिकवले. पुस्तकी पाठांपेक्षा संभाषणावर त्यांचा भर असे. घरी येणाऱ्या विद्वान मंडळींत ते मुलाला बसू देत, त्याला मत मांडू देत, वाद घालू देत. १८७९ साली कुटुंब कलकत्त्यास परतल्यावर मुलाने बुडालेला अभ्यास भरून काढला आणि प्रवेश परीक्षा पहिल्या श्रेणीत दिली.

श्रद्धेचा मार्ग भिन्न असला तरी त्या पित्याची रीत ख्रिस्ती पालकानेही न्याहाळण्याजोगी आहे. मुलाची वाढ त्याने मुलाच्या बोलण्यावरून ओळखली, आणि ती ओळखताना बाहेरच्या माणसांनाही घरात स्थान दिले.

परंतु याच भूमीतील दुसरी गोष्टही विसरता कामा नये. १८६८ साली रेव्हरंड ऑस्कर लोर यांनी रायपूरच्या उत्तरेस बिश्रामपूर येथे मिशनचे ठाणे वसवले आणि तेथे शाळा काढली. ज्यांच्या आईबापांना अक्षर ठाऊक नव्हते, अशा मुलांना घर शिकवू शकत नव्हते; त्यांना शाळेने शिकवले. आपल्यापैकी कितीजणांचे आजे-पणजे अशाच कोठल्यातरी मिशन शाळेच्या ओसरीवर पाटी घेऊन बसले होते! करोनाच्या साथीत शाळा बंद पडल्या तेव्हा एप्रिल २०२० मध्ये छत्तीसगड शासनाने 'पढ़ई तुंहर दुआर', म्हणजे 'शिक्षण तुमच्या दारी', हा कार्यक्रम सुरू केला. त्या काळात सगळी घरे सारखी नाहीत हे पुन्हा दिसले. ज्यांच्या घरी मोबाइल नव्हता किंवा शिकवणारे कोणी नव्हते, त्यांच्यासाठी शिक्षकांना पाड्यापाड्यांत उघड्यावर वर्ग भरवावे लागले. घरी शिकवता येणे ही आपणांस मिळालेली ठेव आहे. तिच्या बळावर शाळेला तुच्छ लेखण्याचा अधिकार आपणांस मिळत नाही. त्या ठेवीचा हिशेब देण्याची जबाबदारी मात्र येते.

एका आईची पहाट

हिशेब कसा द्यावा, याचे उत्तम उदाहरण मराठी ख्रिस्ती इतिहासातच आहे. पंडिता रमाबाई १८५८ साली जन्मल्या. लहानपणी त्या कोणत्याही शाळेत गेल्या नाहीत. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकनिंदा सोसून आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवले आणि लक्ष्मीबाईंनी ते मुलीला दिले. दिवसभर घरकामातून उसंत नसे. म्हणून ती माउली पहाटेच्या अंधारात झोपाळू मुलीला मायेने उठवून, जवळ घेऊन शिकवीत असे. आठव्या वर्षापासून पंधराव्या वर्षापर्यंत हे चालले. मध्ये तीर्थयात्रा होत्या, पायी प्रवास होते, दारिद्र्य होते. १८७४ च्या सुमारास दुष्काळाने आईबाप दोघांनाही नेले. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी रमाबाईंना 'पंडिता' व 'सरस्वती' म्हणून गौरवले, तेव्हा तो निकाल ऐकायला शिकवणारी आई हयात नव्हती. १८८७ साली आपले इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध करताना रमाबाईंनी ते आईच्या स्मृतीस अर्पण केले.

त्या शिक्षणाविषयी रमाबाईंनी पुढे स्वतः जी साक्ष लिहून ठेवली, तिचा आशय असा आहे: आईने माझ्या मनाला असे वळण लावले की पुढे इतरांच्या अल्पशा साहाय्याने माझे शिक्षण मला स्वतःच चालू ठेवता आले. वाचकहो, घरच्या शाळेसाठी याहून नेमके माप मला ठाऊक नाही. मुलाला किती पाठ येते, हे त्याच्या मानाने दुय्यम आहे. मागील वर्षी जेथे आपला हात धरावा लागत होता, तेथे यंदा मूल एकटे चालते काय, हे पाहावे. त्या पहाटेचे पीक किती दूरवर पोहोचले, हे पुढे दिसले. रमाबाईंनी उतारवयात मूळ हिब्रू व ग्रीक शास्त्राचा अभ्यास करून संपूर्ण बायबल मराठीत आणले. १९२२ साली त्या निवर्तल्या आणि १९२४ साली ते छापून प्रसिद्ध झाले. हिब्रू व ग्रीक त्यांना आईने शिकवले नव्हते. शिकावे कसे, हे शिकवले होते.

भाषांतराच्या कामातील एक नियम

शास्त्राच्या भाषांतराचे काम करणाऱ्यांत एक नियम पाळला जातो. तो येथे उपयोगी पडेल. उताऱ्याचे भाषांतर झाले की, ज्याने तो मजकूर पूर्वी पाहिलेला नाही अशा साध्या माणसाला तो वाचून दाखवतात. मग विचारतात, "यात काय घडले? कोण कोणाला बोलला? तुम्ही ऐकलेत ते तुमच्या शब्दांत सांगा." ऐकणाऱ्याला अर्थ लागला नाही, किंवा भलताच लागला, तर त्याला नापास ठरवीत नाहीत. दोष प्रथम मजकुरात शोधतात. वाक्य मोडून पुन्हा रचतात आणि नव्या माणसाला पुन्हा ऐकवतात. शिवाय ज्याने भाषांतर केले, त्याच्या एकट्याच्या तपासणीवर कोणी विसंबत नाही. तो कितीही विद्वान असो. आपल्या वाक्यात आपल्याला अभिप्रेत असलेला अर्थ त्याला दिसणारच.

घरच्या शाळेत हेच दोन नियम लावून पाहा. मुलाला अपूर्णांक समजले नाहीत, तर प्रथम आपली शिकवण तपासावी. भाकरी मोडून दाखवली होती काय? की पुस्तकातील व्याख्याच मोठ्या आवाजात पुन्हा सांगितली? आणि वर्षातून निदान दोन-तीन वेळा बाहेरच्या जाणत्या माणसाकडून मुलाची पाहणी करवावी. मंडळीत निवृत्त शिक्षक असतात, हिशेबनीस असतात, परिचारिका असतात. "याला जरा बोलते करा आणि तुम्हांला काय दिसते ते आम्हांला स्पष्ट सांगा," असे त्यांना म्हणावे. ते सांगतील ते ऐकून घेताना मनाला थोडे लागेल. पण तेवढ्यासाठीच तर त्यांना बोलवायचे.

हळवे आणि गरवे

छत्तीसगडाला धानाचे कोठार म्हणतात. रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयात भाताच्या २० हजारांहून अधिक नमुन्यांचा संग्रह आहे, डॉ. रिछारिया यांनी गावोगाव हिंडून गोळा केलेल्या वाणांतून तो वाढत गेला. इतक्या वाणांची वाढ एका मापाने कोण मोजील? हळवे धान दसऱ्याच्या सुमारास कापणीला येते. गरवे दिवाळी उलटली तरी शेतात हिरवे उभे असते. म्हणून गरव्याला कोणी आळशी म्हणत नाही. भावंडांतील एक पाचव्या वर्षी वाचू लागते, दुसरे आठव्या वर्षी. कलस्सैकरांस पत्र लिहिताना पौलाने बापांना मुलांना चिरडीस आणू नये असे बजावले आहे, ते मुले खचतात म्हणून. खचवण्याचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे एका भावंडाचे माप दुसऱ्याला लावणे.

पण धीर धरणे म्हणजे शेताकडे पाठ फिरवणे नव्हे. येथील शेतकरी पेरणीनंतर महिना-सव्वा महिन्याने, शेतात पाणी साठले की, उभ्या पिकात हलका नांगर फिरवतो. त्याला बियासी म्हणतात. परक्याला वाटते, हा पीक मोडतो आहे. वस्तुतः त्याने तण मरते, दाट रोपे विरळ होतात आणि राहिलेली रोपे जोमाने फुटतात. ही तपासणी कापणीच्या वेळी करून भागत नाही; श्रावणातच करावी लागते. मुलाची वर्षअखेरीस एकदाच परीक्षा घेणारा पालक कापणीच्या दिवशी तण मोजायला जातो.

वर्षाची आखणी

आता थोडे व्यवहाराचे. जूनच्या आरंभी मुलाकडून एक पान स्वतःच्या शब्दांत लिहून घ्यावे, एक अनोळखी उतारा मोठ्याने वाचून घ्यावा, चार गणिते सोडवून घ्यावीत. त्यावर लाल शाई लावू नये. तारीख घालून ठेवून द्यावे. दिवाळीपूर्वी आणि पुन्हा ईस्टरच्या सुमारास तेच करावे. मग तिन्ही पाने शेजारी ठेवून मुलालाच विचारावे, "तुला काय फरक दिसतो?" कालच्या स्वतःशी तुलना करण्याची सवय त्यातून लागते.

आठवड्याला एक वही ठेवावी. तिच्यात तीन रकाने असावेत: काय शिकवले, मुलाने काय सांगून किंवा करून दाखवले, आणि शिकवणाऱ्याने पुढे काय बदलावे. प्रश्न विचारायचे ते शिकवल्या दिवशीच विचारून थांबू नये. तीन आठवड्यांनी, सहज बोलता बोलता पुन्हा विचारावेत. त्या वेळी जे उरलेले असते, तेच मुलाचे झाले. लूकाने येशूच्या बालपणाविषयी लिहिताना ज्ञान, शरीर, देवाची कृपा आणि माणसांचा लोभ अशा चारही अंगांनी झालेली वाढ सांगितली आहे (२:५२). आपल्या वहीतही गणिताइतकीच जागा खेळाला, सोबत्यांना आणि स्वभावाला असावी.

कायद्याचेही भान असू द्यावे. ६ ते १४ वयाच्या मुलांच्या शिक्षणहक्काचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. तो शाळा गृहीत धरून लिहिलेला आहे. बाहेरून परीक्षा देण्यासाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था आहे. १९८९ साली ती राष्ट्रीय खुले विद्यालय म्हणून सुरू झाली. तिच्या मूलभूत शिक्षणाच्या तीन पातळ्या तिसरी, पाचवी व आठवी या इयत्तांच्या तोडीच्या मानल्या जातात, आणि दहावी-बारावीच्या परीक्षाही ती घेते. ज्या मुलाला पुढे जगात उतरायचे आहे, त्याच्यासाठी ही वाट आधीपासून माहीत करून घेणे हे पालकांचे कर्तव्य आहे.

आणि एक कठीण गोष्ट. दोन पाहण्या झाल्या, तरी वाचनात काहीच हालचाल दिसली नाही, तर गरवे धान म्हणून स्वस्थ बसू नये. मुलाचे डोळे व कान तपासून घ्यावेत, जाणत्यांचा सल्ला घ्यावा. इतके करूनही आपल्या हातून शिकवणे होत नाही असे दिसले, तर मुलाला शाळेत घालावे. हा पराभव वाटेल. पण तो वाटतो कोणाला? आईबापांच्या अभिमानाला. मुलाला त्यात हार नाही. पालकांचा तराजू खरा की खोटा, हे त्याच दिवशी कळते.

मंडळीतील बंधुभगिनींनाही एक विनंती. अशा घरातील मूल रविवारी भेटले, तर "कितवीत आहेस?" असे विचारून त्याची परीक्षा पाहू नका. "सध्या काय वाचतोस?" असे विचारा आणि जरा थांबून ऐका. तेवढ्याने त्याच्या आईबापांच्या खांद्यावरील अर्धे ओझे उतरेल.

आणि पालकहो, येत्या जूनमध्ये नवी वही उघडाल, तेव्हा पहिल्या दोन रकान्यांवर मुलाचे नाव लिहा. तिसऱ्यावर स्वतःचे लिहा. वर्षअखेरीस तो तिसरा रकाना कोरा राहिलेला दिसला, तर मुलाच्या प्रगतीविषयी मत देण्याआधी त्या कोऱ्या जागेचा विचार करा.